पावत्यांचं ‘मॅचिंग’: खानदेशातल्या पतसंस्थांची पार्श्वभूमी

1904 च्या सहकारी पतपुरवठा कायद्यामागे सावकारी पाशातला शेतकरी होता. गावोगावच्या विकास सोसायट्या त्याच वळणाच्या. भाजीची हातगाडी, पानटपरी, शिलाई मशीन यांना सोसायटी उभी करत नाही आणि बँक तारण मागते. ती जागा 1960 च्या राज्य कायद्याखालच्या बिगरशेती पतसंस्थांनी घेतली. एजंट रोज पिग्मीचे, म्हणजे दैनंदिन बचतीचे, वीस-पन्नास रुपये नेई. त्या पुस्तकावरून माणसाचा अंदाज येई, दोन जामीनदारांवर कर्ज मिळे.

घोळ जास्त व्याजातून झाला. ठेवीला बँकेपेक्षा चढा दर द्यायचा तर कर्जही महाग द्यावं लागतं, आणि महाग कर्ज बहुधा तोच उचलतो ज्याला बँकेनं परत पाठवलंय. ठेव तेरा महिन्यांची, पैसा प्लॉटमध्ये अडकलेला. या शतकाच्या पहिल्या दशकात जळगाव जिल्ह्यात ठेव परत मागणाऱ्यांच्या रांगा लागल्या. ठेव विमा (आज 5 लाखांचा) बँकांना लागू आहे, पतसंस्थांना नाही.

त्यातून वादाचा शब्द आला: मॅचिंग. संस्थेत स्वतःचीच ठेव असेल तर ती कर्जात वळती करणं वेगळं. इथे कर्जदार दुसऱ्याच्या ठेवीची पावती विकत घेतो. समजा 1 लाखाची पावती 35 हजारांत मिळाली; संस्थेत ती पूर्ण 1 लाखाला धरली जाते आणि कर्ज निल होतं. वहीत दोन्ही बाजू जुळतात, पण तिजोरीत रुपयाही येत नाही. शिवाय पावत्या घेण्याची ऐपत असलेला कर्जदार म्हणजे वसूल होण्याजोगा कर्जदार. तो सुटला की उरलेल्या ठेवीदारांच्या वाट्याला नुसती बुडीत खाती. ऑपरेशनसाठी आज पैसे हवे असलेल्या म्हाताऱ्याला 35 हजार तरी मिळाले, हे समर्थकांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण ठेवीदारांकडून पूर्ण रक्कम पोचल्याची प्रतिज्ञापत्रं लिहून घेतल्याचे आरोप पोलीस तपासापर्यंत गेले. सरळ मार्ग राज्य कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला, जप्ती आणि लिलाव हाच होता. तो लांबतो, कारण जामीनदार गावातलाच आणि लिलावात बोली लावायला कोणी पुढे येत नाही.

मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या, संस्थांची गत आणखी अवघड. 2002 च्या केंद्रीय कायद्याखाली त्यांचा निबंधक दिल्लीत, त्यामुळे अवसायकही (बंद पडलेल्या संस्थेची देणी-घेणी निपटणारा) तिथूनच नेमला जातो. जिल्हा उपनिबंधक अर्ज घेऊन पुढे पाठवतो, एवढंच. जवळचा आधार म्हणजे राज्याचा 1999 चा ठेवीदार हितरक्षण कायदा. त्यात मालमत्ता जप्त करून सक्षम अधिकाऱ्याच्या ताब्यात देता येते. विक्रीला मात्र विशेष न्यायालयाचा आदेश लागतो.