'सगळे कपॅसिटर बदला' : टीव्हीच्या जुन्या चाचणी उपकरणांभोवतीच्या वादाची पार्श्वभूमी

बंद पडलेला जुना पॅटर्न जनरेटर (चाचणीचं ठरावीक चित्र तयार करणारं उपकरण) किंवा व्हेक्टरस्कोप (रंगाचा सिग्नल पडद्यावर ठिपक्यांत दाखवणारं उपकरण) हाती आला की पहिला सल्ला ठरलेला: आधी सगळे कपॅसिटर बदला, मग बोलू. त्याला उत्तरही ठरलेलं: चालत्या भागाला हात लावू नका. दोन्ही बाजू अनुभवाचे दाखले देतात आणि ते दाखले खरेही असतात. फक्त ते वेगवेगळ्या पिढ्यांच्या उपकरणांवरचे असतात.

व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्यांच्या, पिढीबद्दल फारसा वाद नाही. त्या काळच्या वॉब्युलेटरमध्ये (फ्रिक्वेन्सी सतत वरखाली फिरवणारा जनरेटर), सिग्नल जनरेटरमध्ये मेण लावलेले कागदी कपॅसिटर असत. दमट हवा आत शिरली की त्यांतून डीसी गळू लागतो, पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर नको तो व्होल्टेज चढतो आणि व्हॉल्व्ह जास्त करंट ओढून तापतो. कार्बनच्या रेझिस्टरची व्हॅल्यूही वर्षागणिक वर सरकते. वायरिंग टॅगपट्ट्यांवर, जागा ऐसपैस, उचकटायला छापील बोर्डाचे ट्रॅकच नाहीत. अशा पेटीत कागदी कपॅसिटर सरसकट बदलणं शहाणपणाचंच होतं. नियम जन्मला तो इथे.

पुढे रंग आला: अमेरिकेत १९५३ साली एनटीएससी ही रंगीत टीव्हीची पद्धत मंजूर झाली, युरोपात १९६७ मध्ये पॅल आणि सेकाम या दुसऱ्या दोन पद्धतींचं प्रक्षेपण सुरू झालं. चाचणी उपकरणांना आता ढोबळ असून चालेना. पॅलचा सबकॅरियर (रंगाची माहिती वाहणारा सिग्नल) ४.४३३६१८७५ मेगाहर्ट्झ. लाइन फ्रिक्वेन्सी (सेकंदाला पडद्यावर ओढल्या जाणाऱ्या आडव्या रेषा) १५,६२५ हर्ट्झ, तिची २८३.७५ पट आणि वर आणखी २५ हर्ट्झ. चित्रावर दिसणारी ठिपक्यांची जाळी डोळ्यांना कमी खुपावी म्हणून ही २५ हर्ट्झची भर. दुरुस्तीत हा टप्पा हमखास चकवतो. ती भर निसटली तरी साध्या टीव्हीवर चित्र येतं, रंगही येतात, आणि उपकरण 'ओके' ठरवून झाकण लावलं जातं. फ्रिक्वेन्सी काउंटर लावून लाइन आणि सबकॅरियर दोन्ही मोजले तरच चोरी सापडते.

स्टुडिओसाठी १९७०च्या दशकात आणि १९८०च्या पूर्वार्धात बनलेली उपकरणं या वादाच्या मध्यभागी आहेत, आणि कपॅसिटरचा नियम सर्वांत जास्त नुकसान करतो तो इथेच. यांचे आजार वेगळे. टँटलम मणी (मण्यासारखा छोटा कपॅसिटर) अचानक शॉर्ट होतो आणि अख्खी १२ व्होल्टची लाइन बसते. आयसी सॉकेटचे पत्रे काळवंडतात. बोर्डाच्या कडेचे संपर्क रुसतात. बोर्ड काढून, पुसून परत खोचला की उपकरण बोलायला लागतं. मेनच्या फिल्टरमधल्या कागदी कपॅसिटरला तडे जातात आणि तो एक दिवस धूर सोडतो. तो मात्र न विचारता बदलावा, यावर दोन्ही बाजूंचं एकमत आहे.

बाकीचं? सर्किट डायग्रामवर काही भागांच्या शेजारी तारांकित खूण असते. तो भाग कारखान्यात चाचणीच्या वेळी, त्या एका उपकरणासाठी निवडून बसवलेला आहे, असा तिचा अर्थ. डायग्रामवर ४७ पिकोफॅरड छापलेलं असतं आणि बोर्डावर प्रत्यक्षात ५६ असतो. घाऊक बदल करणारा छापील व्हॅल्यू बसवतो आणि कलर बारचे ठिपके व्हेक्टरस्कोपवर आपापल्या चौकटींतून बाहेर पडतात. मग प्रीसेट (बोर्डावरचे जुळणीचे छोटे स्क्रू) फिरवणं सुरू होतं, आणि कारखान्याच्या कॅलिब्रेशनचा उरलासुरला मागही पुसला जातो. ऑसिलेटरमधला (फ्रिक्वेन्सी निर्माण करणाऱ्या सर्किटमधला) पॉलिस्टायरीन कपॅसिटर काढून तिथे जास्त डायइलेक्ट्रिक स्थिरांकाचा सिरॅमिक घातला की फ्रिक्वेन्सी तापमानासोबत भटकते. पॉलिस्टायरीन सोल्डरिंगच्या उष्णतेने आकसतो, अ‍ॅसिटोनने विरघळतो. म्हणजे शेजारचा भाग बदलताना किंवा बोर्ड 'स्वच्छ' करतानाही तो मरू शकतो. एवढं सगळं नऊ-दहा मायक्रोफॅरड दाखवणाऱ्या, ईएसआरही (आतला रोध) व्यवस्थित असलेल्या दहा मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरपायी. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये प्रत्येक टेस्ट पॉइंटचा वेव्हफॉर्म छापलेला असताना मोजायच्या आधी सोल्डरिंग गन उचलणं हा आळसच म्हणायचा.

पण बदलणाऱ्यांची बाजू पुढच्या पिढीत पुन्हा भक्कम होते. १९८०च्या दशकाच्या शेवटी छोटे एसएमडी (भोकांऐवजी बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर केलेले) इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर आले. त्यांतल्या बऱ्याच कपॅसिटरच्या रबरी बुडातून द्रव झिरपतो, तो तांब्याचे ट्रॅक खातो, बोर्डाच्या दोन बाजू जोडणारी भोकं पोखरतो. सोल्डरिंग आयर्न टेकवलं की मासळीसारखा वास येतो. त्या वासावरूनच दुखणं ओळखता येतं. इथे उपकरण चालू असलं तरी थांबण्यात तोटा आहे. बॅकअपसाठी बोर्डावरच बसवलेल्या निकेल-कॅडमियम बॅटरीचंही तेच: ती आधी उपटावी, बाकी सगळं नंतर.

याच पिढीत मॅन्युअलही आटलं. कस्टम आयसी आणि मायक्रोप्रोसेसर आले, वेव्हफॉर्मची पानं गेली, सदोष बोर्ड अख्खा बदलून द्यायची पद्धत रुळली. बोर्ड मिळत होते तोवर ती सोयीचीही होती. प्रोग्रॅम ईप्रॉम या मेमरी चिपमध्ये. त्यातला डेटा काही दशकांत पुसट होऊ शकतो, म्हणून आता उपकरण उघडल्यावर आधी ईप्रॉम वाचून प्रत काढून ठेवतात. मग चालू करतात.

या सगळ्याला आज एवढं महत्त्व आलं त्याचं कारण अलीकडचं आहे. डिजिटल स्टुडिओचं मानक १९८२ मध्येच ठरलं होतं, पण अ‍ॅनालॉग प्रक्षेपण रेंगाळत राहिलं. अमेरिकेत पूर्ण क्षमतेच्या केंद्रांनी ते १२ जून २००९ ला बंद केलं, ब्रिटनमध्ये २०१२ मध्ये शेवटचा ट्रान्समीटर थांबला. रॅकच्या रॅक भंगारात निघाले. एकेकाळी फक्त केंद्रांना परवडणारी उपकरणं हौशी लोकांच्या टेबलावर आली, आणि त्यांच्यासोबत दुरुस्तीचे सल्लेही, कुठल्या पिढीसाठी ते न सांगता. दुसरीकडे जुन्या व्हिडिओ टेप डिजिटल करणाऱ्यांना ही उपकरणं खरोखरच लागतात. सिंकच्या (चित्राच्या रेषा जागेवर बसवणाऱ्या पल्सच्या) तळापासून पांढऱ्यापर्यंत १ व्होल्ट, त्यात सिंकचे ०.३, हे टेपवरून आलेल्या सिग्नलवर तपासायला नीट कॅलिब्रेट केलेला वेव्हफॉर्म मॉनिटर (सिग्नलचा आलेख दाखवणारं उपकरण) हवा.

त्यामुळे नवा पेच संदर्भाचा आहे. दुरुस्त झालेलं उपकरण कशावर ताडून पाहायचं? फ्रिक्वेन्सीपुरता तो सुटलाय: जीपीएसवर लॉक होणारा १० मेगाहर्ट्झचा संदर्भ आता घरच्या टेबलावरही परवडतो. लेव्हलसाठी चांगला मल्टिमीटर आणि केबलच्या टोकाला लावायचं अचूक ७५ ओहमचं टर्मिनेशन बऱ्याच अंशी पुरतं. डिफरेन्शियल फेजसाठी (चित्राचा उजेड बदलला की रंगछटा किती सरकते, ते मोजायला) मात्र खात्रीचा दुसरा जनरेटर लागतोच, आणि तोही बहुधा तितकाच म्हातारा असतो. पिक्चर ट्यूब गेलेल्या व्हेक्टरस्कोपची गोष्ट वेगळी. तसल्या ट्यूब आता बनत नाहीत, त्यामुळे असं उपकरण बहुतेक वेळा दुसऱ्यासाठी सुट्या भागांचा साठा होऊन राहतं. आणि त्याचे तारांकित भाग तिथूनही तसेच उचलून लावता येत नाहीत.