ठिपका वेगळा, आवाज वेगळा: फ्लाइट ट्रॅकिंग आणि एटीसी ऐकणं

"काल रात्री ॲपवर एटीसी ऐकत होतो" हे वाक्य जळगाव-धुळ्याकडच्या विमानवेड्या पोरांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, की आता एकदा सविस्तर लिहूनच टाकतो. एटीसी म्हणजे विमान वाहतूक नियंत्रण: जमिनीवरचे कंट्रोलर आणि वरचे पायलट यांचं रेडिओवरचं बोलणं. ॲपवर तो विमान बघत होता. त्यात आवाज नव्हताच. याच्या उलटाही प्रकार चालतो: नकाशाचं स्क्रीन रेकॉर्डिंग, मागे कुठल्या तरी परदेशी विमानतळाचा खरखरीत आवाज, आणि वर लिहिलेलं "मुंबई एटीसी लाइव्ह". असे व्हिडिओ हजारो लोक पुढे पाठवतात आणि पाहणाऱ्याची खात्री पटते की नकाशा आणि आवाज एकाच नळातून येतात. दोन्हींचा उगम वेगळा आणि नियमही वेगळे. एकावरून दुसऱ्याबद्दल अंदाज बांधला की तो हमखास चुकतो.

नकाशाबद्दल थोडक्यात, कारण तो तुमच्या रोजच्या वापरातला आहे. विमानातला ट्रान्सपाँडर 1090 मेगाहर्ट्झवर स्वतःची ओळख, जागा, उंची आणि वेग अंकी संदेशांतून सतत प्रक्षेपित करत असतो. जागेचा संदेश सेकंदाला साधारण दोनदा जातो. ठिकठिकाणच्या हौशी लोकांच्या घरांवरच्या छोट्या पेट्या हे संदेश पकडून इंटरनेटवर पाठवतात आणि फ्लाइटरडार24 सारखी ॲप्स त्यांचा नकाशा करतात. यातली एकच गोष्ट पुढच्यासाठी लक्षात ठेवा: विमान हे कुणी विचारल्याशिवाय सांगतं, सगळ्यांना उद्देशून सांगतं, आणि त्याला उत्तराची अपेक्षा नसते. अमळनेरच्या पेटीने पकडलं काय आणि भोपाळच्या पेटीने पकडलं काय, माहिती तीच.

किरकोळ फरक झटपट सांगतो. आवाज चालतो 118 ते 137 मेगाहर्ट्झमध्ये आणि तोही एएम या पद्धतीने. त्यामुळे "साध्या एफएम रेडिओवर टॉवर ऐका" छापाचे व्हिडिओ निखालस खोटे असतात. एफएम 108 ला संपतं आणि त्याची पद्धतच निराळी. विमानांनी एएम धरून ठेवण्याला सबळ कारण आहे: दोघे एकदम बोलले तर एएममध्ये चिरका आवाज येतो आणि दोन आवाज एकमेकांवर आदळल्याचं कळतं. एफएममध्ये मोठा आवाज लहान आवाजाला गिळून टाकतो आणि कुणीतरी हाक मारली होती हे समजतच नाही. दुसरं, नावं. ॲपवर 6E दिसतं ते इंडिगोचं विमान रेडिओवर "आयफ्लाय" असतं आणि ब्रिटिश एअरवेजचं "स्पीडबर्ड". सवयीने जमतं.

आता खरा मुद्दा. ठिपका, म्हणजे नकाशावरची विमानाची खूण, एका बाजूने पकडला तरी पुरा असतो. आवाज हा संवाद आहे, आणि एका जागी बसून ऐकणाऱ्याला त्याची बहुतेक वेळा एकच बाजू मिळते. एसटीत शेजारचा माणूस मोबाइलवर बोलत असतो तेव्हा आपल्याला जेवढं कळतं, तेवढंच.

असं का, ते खानदेशातूनच पाहू. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, पृथ्वीच्या गोलाईआड गेल्या की संपल्या. 35,000 फुटांवरच्या विमानाचं क्षितिज सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास असतं. अमळनेरला गच्चीवर उभे राहिलात तर तेवढ्या टप्प्यात मुंबई, अहमदाबाद, इंदूर, भोपाळ आणि नागपूर सगळं येतं. म्हणजे या शहरांवरून पूर्ण उंचीवर जाणारं विमान तत्त्वतः तुमच्या अँटेनाच्या नजरेत असतं. जमिनीवरच्या कंट्रोलरचं तसं नाही. त्याचा मनोरा 30 मीटर आणि तुमचा अँटेना 10 मीटर उंच धरला, तर दोघांना एकमेकांचं ऐकू येण्याचं अंतर जेमतेम 35 किलोमीटर भरतं. वरचा पायलट शेजारच्या खोलीत बोलल्यासारखा स्पष्ट, आणि त्याच्याशी बोलणारा माणूस अजिबात नाही.

तो माणूस जळगावच्या टॉवरमध्येही बसलेला नसतो. डोक्यावरून जाणारं प्रत्येक विमान "आपल्या" जळगाव टॉवरशी बोलतं, ही समजूत मी अनेक सुशिक्षित लोकांकडून ऐकली आहे. टॉवर धावपट्टी आणि तिच्या आसपासचं आकाश सांभाळतो. कुसुंब्याच्या जळगाव विमानतळावर उतरणारी एटीआर, म्हणजे पंख्यांचं छोटं प्रवासी विमान, त्याच्याशी बोलते. सातपुड्यावरून दिल्लीकडे निघालेलं मोठं विमान मुंबईच्या क्षेत्र नियंत्रणाशी बोलत असतं आणि तो आवाज दूरदूर बसवलेल्या रेडिओ केंद्रांमार्फत वर पोचतो. कुठलाही रेडिओतला आवाज ऐकला की "टॉवर" म्हणायची सवय सोडा, अर्धा गोंधळ तिथेच मिटेल.

एकच बाजू ऐकूनही बरंच कळतं, हे खरं. कारण पायलटने मिळालेली सूचना परत म्हणून दाखवायची असते; त्याला रीडबॅक म्हणतात. उंची, दिशा, धावपट्टी, फ्रिक्वेन्सी हे सगळं तो उच्चारतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं की आपल्याला पूर्ण संभाषण मिळालं. फसगत इथेच होते. समजा कंट्रोलर म्हणाला (फ्लाइट लेव्हल म्हणजे शेकडा फुटांत सांगितलेली उंची):

"आयफ्लाय फाइव्ह थ्री टू, डिसेंड फ्लाइट लेव्हल टू फाइव्ह झिरो."

पायलट: "डिसेंड फ्लाइट लेव्हल टू थ्री झिरो, आयफ्लाय फाइव्ह थ्री टू."

कंट्रोलर: "निगेटिव्ह, फ्लाइट लेव्हल टू फाइव्ह झिरो."

पायलट: "टू फाइव्ह झिरो, आयफ्लाय फाइव्ह थ्री टू."

यात वावगं काहीच घडलेलं नाही. रीडबॅक ज्यासाठी असतो तेच झालं: ऐकण्यातली चूक सुधारली गेली आणि विमान 25,000 फुटांवर नीट स्थिरावलं. आता यातल्या फक्त दुसऱ्या आणि चौथ्या ओळी ऐका. पायलट आधी 23,000 म्हणतो, मग आपणहून 25,000. गच्चीवरच्या ऐकणाऱ्याला तो गोंधळलेला वाटणार. ही क्लिप "पायलट कन्फ्यूज, प्रवाशांचा जीव धोक्यात" अशा मथळ्याने फिरायला वेळ लागत नाही. नकाशावर मात्र एवढंच दिसतं की विमान खाली आलं आणि 25,000 वर सरळ झालं. ठिपक्याने खोटं सांगितलं नाही, अर्ध्या आवाजानेही नाही. खोटं मथळ्यात शिरलं.

ठिपक्याचीही मर्यादा सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल हा ॲपची वकिली करतोय. विमान जागा सांगतं ती उपग्रहांवरून काढलेली असते आणि तो संकेत कुणी बिघडवला तर ठिपका भलतीकडे जातो. नोव्हेंबर 2023 ते फेब्रुवारी 2025 या काळात अमृतसर आणि जम्मूच्या सीमाभागात असे 465 प्रकार नोंदले गेल्याचं सरकारने लोकसभेत सांगितलं. शिवाय ठिपका "काय" सांगतो, "का" सांगत नाही.

12 जून 2025 च्या अहमदाबादच्या अपघातात हे सगळं उघडं पडलं. एअर इंडियाच्या फ्लाइट 171 चा शेवटचा ठिपका 625 फुटांचा होता. ती वायुदाबावरून काढलेली उंची, आणि अहमदाबादचा विमानतळ स्वतःच सुमारे 200 फुटांवर आहे. त्यामुळे "विमान 625 फूट वर गेलं" हे वाक्य जसंच्या तसं चालत नाही. आवाजाचं म्हणाल तर प्राथमिक अहवालात दुपारी 1 वाजून 39 मिनिटं 5 सेकंदांचा मेडे, म्हणजे संकटाची हाक आहे, कंट्रोलरने विचारलेलं कॉलसाइन, म्हणजे विमानाचं रेडिओवरचं नाव आहे आणि त्याला उत्तर न आल्याची नोंद आहे. एवढंच. "तू इंधन का बंद केलंस" या अर्थाचा जो प्रश्न गाजला तो रेडिओवर बोलला गेलेलाच नाही. तो कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डरमधला आहे, म्हणजे दोन पायलटांचं आपसातलं बोलणं, जे विमानाबाहेर कुणालाही ऐकू येत नाही. तरीही तो "एटीसी ऑडिओ" म्हणून आमच्या गावातल्या ग्रुपांवर फिरला. माणसं गेलेली असताना असं काहीही जोडून पाठवणं मला सहन होत नाही आणि मी पाठवणाऱ्याला तिथेच टोकतो. क्लिप आली की एक प्रश्न विचारा: यात दोन्ही बाजूंचे आवाज आहेत का, आणि ते एकमेकांना उत्तर देतात का?

आता ऐकवण्याचं, म्हणजे शेअर करण्याचं. "ठिपके सगळे शेअर करतात, मग आवाजाने काय घोडं मारलंय?" याचं उत्तर वरच्याच फरकात आहे. ठिपका सगळ्यांना उद्देशून असतो. आवाज ऐकू सगळ्यांना येत असला तरी तो दोघांतला संदेश आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीतलं कलम 17 हेच धरून चालतं: सर्वसामान्य जनतेसाठी नसलेला रेडिओ संदेश परवानगीशिवाय पकडणं आणि त्यातला मजकूर उघड करणं, दोन्ही रोखायची जबाबदारी सदस्य देशांवर आहे. अमेरिकेने 1986 च्या कायद्यात विमान वाहतुकीच्या संदेशांना स्पष्ट सूट दिली, म्हणून तिथे लाइव्हएटीसीसारखी, हे आवाज इंटरनेटवर ऐकवणारी सेवा उजळ माथ्याने चालते. ब्रिटनमध्ये ती सूट नाही, म्हणून त्याच सेवेवर हीथ्रो शोधून सापडत नाही. आपल्याकडे 1933 च्या कायद्यापासून वायरलेस यंत्र जवळ बाळगायलाच परवाना लागत आला. पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन्स भरलेली पिढी अजून घराघरात आहे. ऐंशीच्या दशकात ते लायसन्स गेलं, पण गेलं ते आकाशवाणी ऐकण्यासाठीचं. 2023 च्या दूरसंचार कायद्यात बेकायदा संदेश पकडण्याला 3 वर्षांपर्यंत कैद, 2 कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. हजार-दोन हजारांचं एसडीआर डोंगल, म्हणजे संगणकाला जोडून असे आवाज पकडायचा छोटा रेडिओ, विकणारा हे सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स काढलं की सगळं खुलं होतं, हाही एक समज. तो परवाना हौशी पट्ट्यांचा, जसं 144 ते 146 मेगाहर्ट्झ. विमानांचा पट्टा त्यात येत नाही. विषय संपला.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी खानदेशापुरतं माझं एक ठाम मत आहे. धुळ्याजवळ गोंदूरला आणि शिरपूरकडे तांड्याच्या धावपट्टीवर पोरं-पोरी विमान चालवायला शिकतात. ही छोटी विमानं अनेकदा ॲपवर दिसतच नाहीत, कारण ती इतकी खालून उडतात की दूरच्या पेट्यांच्या क्षितिजाखाली राहतात. कापसाच्या शेतात उभा असलेला माणूस वर बघतो, डोळ्यांना विमान दिसतं, मोबाइलवर नाही, आणि पोरगं विचारतं, "काका, तो काय बोली ऱ्हायना?" तो शिकतोय, बाळा. पहिल्यांदा एकटा उडणारा विद्यार्थी रेडिओवर अडखळतो, तेच ते पुन्हा म्हणतो, शिक्षक त्याला सांभाळून घेतात. 16 जुलै 2021 ला चोपडा तालुक्यात असंच एक शिकाऊ विमान कोसळलं, प्रशिक्षक गेले आणि विद्यार्थिनी जखमी झाली. त्या वेळी आदिवासी पाड्यांवरचे लोक मदतीला डोंगर चढून धावले. त्या मुलांचा अडखळणारा आवाज रीलमध्ये टाकून हसणं आपल्या मातीला शोभत नाही. त्यांचा ठिपका दिसला तर खुशाल दाखवा. आवाज त्यांच्यापाशीच राहू द्या.

ऐकायची हौस दांडगी असेल तर जिथे सूट आहे तिथलं ऐका. मी न्यूयॉर्कच्या जेएफकेपासून सुरुवात करायला सांगतो, आणि तेही टॉवरपासून. लाइव्हएटीसीवर तिथला आवाज ऐकवणारे विमानतळाच्या जवळ राहतात, त्यामुळे दोन्ही बाजू कानावर पडतात. लांबून चालवलेल्या काही वाहिन्यांवर फक्त पायलट ऐकू येतात, त्या ओळखायला शिका आणि सुरुवातीला टाळा. आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच वाजतात तेव्हा तिथे सकाळचे आठ झालेले असतात. हिवाळ्यात साडेसहा धरा. दुसऱ्या मोबाइलवर जेएफकेचा नकाशा उघडा आणि एकच विमान धरून ठेवा. ब्रिटिश एअरवेजचा ठिपका धावपट्टीशी आला की "स्पीडबर्ड" कानावर येतंय का बघा. आवाज आणि नकाशा काही सेकंद मागेपुढे असतील, दोन्ही इंटरनेटवरून वेगवेगळ्या वाटांनी येतात म्हणून. अप्रोचकडे, म्हणजे उतरायला येणारी विमानं सांभाळणाऱ्या कंट्रोलरकडे जायची घाई करू नका. तिथे बोलणं इतकं भरभर चालतं की महिनाभर टॉवर ऐकल्याशिवाय आकडेसुद्धा वेगळे काढता येत नाहीत.