अवकलजाचा आलेख

फलन म्हणजे एका राशीनुसार ठरणारी दुसरी राशी, जसे वेळेनुसार पाण्याची पातळी. फलनाचा अवकलज म्हणजे त्याच्या बदलाचा त्या क्षणीचा दर. या दराचा आलेख हाताशी असेल, तर मूळ आलेख न पाहताही फलन कुठे चढते, कुठे उतरते आणि कुठे वळते हे सांगता येते. अवकलजाच्या आलेखाची उंची मूळ आलेखाचा उतार दाखवते, त्याची उंची नव्हे. विद्यार्थी हमखास गोंधळतात ते इथेच.

सांगलीत पावसाळ्यात हा फरक सगळ्यांच्या तोंडी असतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. कोयनेतून विसर्ग वाढला की नदीकाठी दोनच प्रश्न ऐकू येतात: पाणी किती फुटांवर आहे, आणि तासाला किती इंचाने वाढतंय? पहिला प्रश्न फलनाचा, दुसरा अवकलजाचा.

समजा, पातळी ३८ फूट असताना पाणी वाढू लागले. वाढीचा दर शून्यापासून सरळ रेषेत चढत आठव्या तासाला ताशी ६ इंच झाला, मग तसाच सरळ उतरत विसाव्या तासाला शून्यावर आला आणि पुढे ऋण झाला. आठव्या तासाला दराचे शिखर येते, पण पाण्याचे नाही. तोवर पाणी ४० फुटांवर पोचलेले असते. पुढचे १२ तास दर घटत जातो, तरी तो धन असल्यामुळे पाणी आणखी ३ फूट चढते. पुराचे शिखर ४३ फुटांवर, विसाव्या तासाला येते; दराची रेषा क्ष-अक्ष ओलांडून खाली जाते तिथे. आठव्या तासाला ‘आता जोर ओसरला’ म्हणून सामान खाली आणणे घातक ठरेल. मूळ आलेखात तो क्षण नतिपरिवर्तन बिंदूचा असतो: चढ कायम राहतो, वक्राचा बाक मात्र उलटतो.

वरचे २ आणि ३ फूट निघाले ते दराची रेषा आणि क्ष-अक्ष यांमधल्या क्षेत्रफळावरून. सुरुवातीचे ३८ मात्र या आलेखात कुठेच नसतात, ते बाहेरून द्यावे लागतात.

अवकलजाच्या चिन्हावरून फलनाचा चढ-उतार ठरवता येतो तो गणितज्ञ लाग्रांज यांच्या मध्यमान प्रमेयामुळे (दोन बिंदूंमधला सरासरी दर मध्ये कुठेतरी त्या क्षणीचा दर असतोच), आणि त्यासाठी अंतराल, म्हणजे क्ष च्या किमतींचा पट्टा, सलग हवे. १/क्ष चा अवकलज शून्य सोडून सगळीकडे ऋण असतो, तरी −१ पाशी किंमत −१ आणि १ पाशी १. शून्यापाशी फलनाला किंमतच नाही, म्हणून अंतराल तिथे तुटते.

अवकलज शून्य झाला म्हणजे शिखर किंवा तळ आलाच, असेही नाही. क्ष³ चा अवकलज ३क्ष². त्याचा आलेख शून्यापाशी अक्षाला टेकून पुन्हा वर जातो, चिन्ह बदलत नाही आणि फलन चढतच राहते. पूर काही काळ थबकावा आणि वरच्या धरणातून विसर्ग वाढताच पाणी पुन्हा चढू लागावे, तेव्हा दराचा आलेख असाच दिसतो.