हायड्रोजनची गाडी: इंजिनवाली आणि फ्युएल सेलवाली

मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानातून बस आणि ट्रकचे पाच प्रायोगिक प्रकल्प मंजूर केले. त्यांत ३७ वाहने, ९ भरणा केंद्रे आणि १० मार्ग आहेत. पुणे–मुंबई हा त्यांतला एक. बातम्यांमध्ये या सगळ्यांना ‘हायड्रोजनवर चालणारी वाहने’ असे एकच नाव मिळाले. प्रत्यक्षात १५ वाहने फ्युएल सेलची, म्हणजे हायड्रोजनपासून वीज करून मोटर फिरवणारी आहेत, आणि २२ चक्क हायड्रोजन जाळणाऱ्या इंजिनाची. हायड्रोजनला भविष्य आहे का, हा प्रश्न यातल्या कोणत्या गाडीबद्दल विचारतो आहोत ते आधी ठरवावे लागते, कारण दोघींची बलस्थाने जवळपास उलटी आहेत.

टाकी मात्र दोघींची सारखीच. जड वाहनांत हायड्रोजन साधारण ३५० बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या सुमारे ३५० पट दाबाला, कार्बन फायबरच्या टाकीत भरतात. या दाबाला एका लिटरमध्ये जेमतेम २४ ग्रॅम वायू मावतो. म्हणजे ३० किलोसाठी सव्वा हजार लिटरची जागा हवी आणि टाक्यांचेच वजन पाचशे किलोच्या आसपास जाते. एवढ्या हायड्रोजनमधली ऊर्जा सुमारे १०० लिटर डिझेलइतकी.

फ्युएल सेलमध्ये काहीच पेटत नाही. प्लॅटिनम लावलेल्या पातळ पटलाच्या एका बाजूला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला हवा. मधून वीज आणि पाणी. एका सेलचा विद्युतदाब भाराखाली ०.६ ते ०.७ व्होल्ट, म्हणून शेकडो सेल एकावर एक रचून स्टॅक करतात. पुढे इलेक्ट्रिक मोटर आणि सोबत एक छोटी बॅटरी. धुराड्यातून फक्त पाण्याची वाफ आणि उरलेली हवा येते, हे विधान याच गाडीबद्दल खरे आहे.

इंजिनवाल्या गाडीत हायड्रोजन सिलिंडरमध्ये जाळतात. डिझेल इंजिनाचाच सांगाडा वापरता येतो, पण हायड्रोजन आपोआप पेटायला ५८० अंशांहून जास्त तापमान लागते. नुसत्या दाबाने तो भरवशाने पेटत नाही, म्हणून स्पार्क प्लग बसवावा लागतो. गंमत अशी की ठिणगी किंवा तापलेला भाग मिळाला, तर त्याला पेट्रोलच्या वाफेच्या दहाव्या भागाइतकीही ऊर्जा पुरते. पिस्टनवर तेलाची राख साचली, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लालबुंद झाला किंवा प्लग गरम जातीचा (टोकाची उष्णता हळू सोडणारा) निघाला, की ठिणगीआधीच स्फोट होतो. इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत येण्याच्या मार्गात, गॅस सोडणारे इंजिन उलटा भडका मारते. त्यावर उपाय म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह बंद झाल्यावर थेट सिलिंडरमध्ये इंजेक्शन, थंड जातीचे आणि प्लॅटिनम नसलेले प्लग, आणि कमी राखेचे तेल. पिस्टनच्या रिंगांमधून क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या पेटीत) उतरणारा हायड्रोजन सतत बाहेर ओढावा लागतो, नाहीतर तिथेच स्फोटक मिश्रण तयार होते. पाणीही तेलात मिसळते, त्यामुळे तेल बदलण्याचे वेळापत्रक डिझेलचे ठेवून चालत नाही.

या गाडीतून नायट्रोजन ऑक्साइडे निघतात, आणि ‘शून्य प्रदूषण’ लिहिताना नेमके तेच गाळले जाते. हायड्रोजन पूर्ण जळायला वजनाच्या ३४ पट हवा लागते. त्याच्या दुप्पट किंवा अधिक हवा दिली तर ज्वाला थंड राहते आणि ही ऑक्साइडे फार कमी होतात. एवढी हवा पुरवायला मोठा टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) लागतो. ड्रायव्हरने एकदम पाय दाबला आणि टर्बोची हवा मागे पडली, तर तेवढ्या सेकंदांत मिश्रण दाट होऊन प्रदूषण उसळते. म्हणून धुरातली ही ऑक्साइडे मोडायला युरियाची फवारणी करणारी यंत्रणा इथेही बहुधा ठेवावी लागते.

आता दोघी बोरघाटात भरलेल्या चढवा. इंजिनाची कार्यक्षमता जास्त भारावर सर्वांत चांगली, चाळीस टक्क्यांच्या वर. फ्युएल सेलची हलक्या-मध्यम भारावर साठच्या आसपास, आणि भार वाढला की ती उतरते. त्यातच स्टॅक ६० ते ८० अंशांवर चालतो आणि त्याची उष्णता धुराड्यातून फारशी जात नाही. जवळजवळ सगळी रेडिएटरनेच फेकायची. मे महिन्यात बाहेर ४० अंश असताना तापमानातला फरक इतका कमी उरतो, की रेडिएटर खूप मोठा नसेल तर कंट्रोलर शक्ती कापतो आणि गाडी चढावर मंदावते. उतारावर मात्र पारडे फिरते: फ्युएल सेलची गाडी ब्रेकची ऊर्जा बॅटरीत परत घेते, इंजिनवाली ती उष्णता म्हणून घालवते. शहरातल्या थांबत-थांबत चालणाऱ्या बसला फ्युएल सेल, आणि धुळीच्या खाणीत सतत भाराखाली राहणाऱ्या टिपरला इंजिन, अशी विभागणी मला पटते.

गॅरेजमधली एक चूक फ्युएल सेलला महागात पडते. स्टॅकमधले कूलंट वीज वाहू न देणारे असावे लागते. नेहमीचे हिरवे कूलंट ओतले, की इन्सुलेशन फॉल्ट (वीज गळत असल्याचा इशारा) येऊन गाडी बंद.

खर्चाचा हिशेब युनिटांत मांडू. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढायला ५० ते ५५ युनिट वीज लागते. त्यातून चाकापर्यंत फ्युएल सेलची गाडी साधारण १५ युनिट पोहोचवते, इंजिनवाली १२ च्या आसपास. तीच वीज थेट बॅटरीत भरली तर ४० युनिट चाकाला मिळतात. त्यामुळे घरगुती मोटारीसाठी दोन्ही प्रकार मला कमकुवत वाटतात. टोयोटाची मिराई ७०० बारला ५.६ किलो भरून साडेसहाशे किलोमीटरचा पल्ला सांगते, तरीही शेलने २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातले आपले मोटारींचे हायड्रोजन पंप बंद केले. खरी जागा आहे ती ठरलेल्या डेपोतून निघणाऱ्या, जड आणि चार्जिंगला थांबणे न परवडणाऱ्या वाहनांची.

इंजिनाच्या बाजूने एक मुद्दा नेहमी मांडतात: त्याला कमी शुद्ध हायड्रोजन चालतो. हे खरे आहे. फ्युएल सेलला ९९.९७ टक्के शुद्धता हवी, कार्बन मोनॉक्साइड दहा लाखांत ०.२ भागाच्या आत आणि गंधक त्याहून कितीतरी कमी. जास्त झाले की प्लॅटिनम निकामी. म्हणूनच स्वयंपाकाच्या गॅससारखा गंधकाचा वास यात मिसळत नाहीत, गळती सेन्सरनेच ओळखावी लागते. पण एकाच पंपावर दोन्ही गाड्या येणार असतील, तर सगळा साठा सेलच्या दर्जाचाच ठेवावा लागतो आणि इंजिनवाल्याला त्याचीच किंमत मोजावी लागते. स्वस्त हायड्रोजनचा फायदा त्याला मिळायचा, तर पंप फक्त इंजिनांचा हवा, शक्यतो हायड्रोजन बनवणाऱ्या कारखान्याच्या आवारातच.