उडत्या तबकडीच्या छायाचित्रांची तपासणी

आकाशात ओळख न पटलेली वस्तू दिसल्याचा दावा ज्या छायाचित्राच्या आधारे केला जातो, त्याचा उगम, वेळ, जागा आणि भूमिती पडताळण्याची पद्धत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात अशी छायाचित्रे बहुधा मोबाईलवर टिपलेली असतात आणि चार गटांतून फिरून तपासणाऱ्याच्या हाती येतात. अडचणीची सुरुवात तिथेच होते.

मूळ फाइल : व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेले छायाचित्र आकुंचन पावते आणि त्यातली एक्झिफ नोंद, म्हणजे तारीख, वेळ, उघडझाप (शटर किती वेळ उघडे होते ते), भिंगाचे नाभीय अंतर (फोकल लेंग्थ), कधीकधी जीपीएस, गळून पडते. त्यामुळे फाइल केबलने घ्यावी. ते जमत नसेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावी. स्क्रीनशॉट कामाचा नाही. त्याच वेळी काढलेले आधीचे-नंतरचे फोटोही मागावेत. ‘नीट आले नाहीत’ म्हणून पुसलेले फोटोच बऱ्याचदा सर्वांत बोलके असतात, आणि बहुतेक फोनांच्या कचरापेटीत ते साधारण 30 दिवस राहतात. एक्झिफमधली जीपीएस वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, तीत साडेपाच तास मिळवावे लागतात. जुन्या डिजिटल कॅमेऱ्याचे घड्याळ कधीच लावलेले नसते, म्हणून कॅमेरा हातात घेऊन ते आजच्या वेळेशी ताडून पाहावे.

कोनीय आकार : एका छायाचित्रावरून वस्तूची दिशा आणि कोनीय आकार, म्हणजे ती आकाशात किती अंश व्यापते, एवढे कळते, अंतर आणि खरा आकार कळत नाही. मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्याचे 35 मिमी-समतुल्य नाभीय अंतर 26 मिमी आणि चित्राची रुंदी 4000 पिक्सेल असेल, तर चौकटीच्या मध्याजवळ 1 अंश म्हणजे सुमारे 50 पिक्सेल. पौर्णिमेचा चंद्र त्यात जेमतेम 25 पिक्सेलांचा येतो. 20 पिक्सेलांची ‘तबकडी’ 0.4 अंशाची झाली. ती 100 मीटरवर असेल तर 70 सेंटिमीटरची, 5 किलोमीटरवर असेल तर 35 मीटरची. दोन गावांतून एकाच क्षणी काढलेले फोटो मिळाले तरच त्रिकोण मांडून अंतर काढता येते. छायाचित्र कापलेले किंवा डिजिटल झूमने घेतलेले असेल, तर हा हिशेब आधी दुरुस्त करावा लागतो.

जागेवरची पडताळणी : त्याच जागी, त्याच फोनने, त्याच झूमवर, घड्याळाच्या त्याच वेळी पुन्हा फोटो काढावा. संदर्भाला घराचा कोपरा, विजेचा खांब, टाकी घ्यावी; ऊस घेऊ नये, गळीत हंगामानंतर तो जागेवर नसतो. ‘घाटाकडं’, ‘गोव्याकडं’, ‘सांबऱ्याकडं’ (सांबरा म्हणजे बेळगावचा विमानतळ) असे दिशेचे वर्णन साक्षीदाराला तिथेच उभे करून अंशांत बदलावे. पत्र्याच्या छपराजवळ फोनचा कंपास फसतो. बेळगावचा कॅम्प भाग किंवा सांबऱ्याचे हवाई दल केंद्र चौकटीत येणार असेल, तर परवानगीशिवाय कॅमेरा काढू नये.

दिवसाच्या छायाचित्रात सावल्या वेळ सांगतात. बेळगाव 74.5 अंश पूर्व रेखांशावर आहे, तर प्रमाणवेळ 82.5 अंशांची; त्यामुळे इथे सूर्य सरासरी 12:32 ला माथ्यावरच्या रेषेवर येतो, फेब्रुवारीत 12:46 ला, नोव्हेंबरच्या आरंभी 12:16 ला. हाताने हिशेब करणारे हा फरक विसरतात आणि सूर्य 8 अंशांनी चुकवतात. सावल्यांचा मुद्दा किती दूर जातो याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यातील मॅकमिनव्हिलचे. मे 1950 मधली तबकडीची ती दोन छायाचित्रे संध्याकाळची असल्याचे सांगितले गेले. अमेरिकी हवाई दलाच्या खर्चाने अशा दाव्यांचा अभ्यास करणाऱ्या कॉन्डन समितीसाठी विल्यम हार्टमन यांनी वस्तूचा काळेपणा आणि हवेतल्या धुरकटपणावरून ती दूर असावी, असा अंदाज मांडला. पुढे अशा दाव्यांचे संशयवादी अभ्यासक रॉबर्ट शेफर यांनी भिंतीवरच्या सावल्या सकाळच्या असल्याचा आक्षेप घेतला. वाद आजही चालू आहे. आपल्याकडे पावसाळ्यात धुरकटपणाची ही कसोटी वापरण्यात अर्थ नाही. खानापूरच्या धुक्यात दोनशे मीटरवरचे झाडही फिके दिसते.

नेहमीची उत्तरे : रस्त्यावरचा दिवा चौकटीत असेल तर दिव्यापासून चित्राच्या मध्यबिंदूतून रेषा ओढावी, ‘यान’ मध्याच्या पलीकडे तेवढ्याच अंतरावर सापडले, तर ते भिंगातले परावर्तन. फ्लॅशच्या फोटोतले पांढरे गोळे म्हणजे पहिल्या पावसानंतर उडणारी वाळवी, थेंब किंवा धूळ. पश्चिमेला सह्याद्रीवर स्थिर चमकणारा ठिपका शुक्र असू शकतो. झूममध्ये तो फोकसबाहेर गेला की फोनचे सॉफ्टवेअर त्यावर नसलेली नक्षी चढवते. सांबऱ्याची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम असल्याने, त्या रेषेत उभ्या असलेल्याला उतरणारे विमान कित्येक मिनिटे एकाच जागी तेवताना दिसते. विमानाचा माग दाखवणारे ॲप पाहावे, पण लष्करी विमाने त्यात असतीलच असे नाही. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतले शार्पी (अरुंद, प्रखर झोताचे) दिवे खालच्या ढगांवर फिरते लंबगोल उमटवतात. दिवाळीतले कागदी उडते दिवे नारिंगी असतात आणि वाऱ्याच्या दिशेनेच जातात, म्हणून त्या रात्रीच्या वाऱ्याची नोंद काढावी. सूर्यास्तानंतर तास-दोन तासांत एका ओळीत सरकणारे ठिपके स्टारलिंकच्या उपग्रहांचे. मध्येच विझले, तर ते पृथ्वीच्या छायेत गेले.

हैदराबादहून टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) सोडत असलेले संशोधनाचे फुगे 30 ते 40 किलोमीटर उंचीवर जातात आणि जमिनीवर अंधार पडल्यावरही उजळ राहतात. 2 एप्रिल 2022 च्या संध्याकाळी महाराष्ट्राच्या आकाशात जळत गेलेले तुकडे चिनी अग्निबाणाचे होते. चंद्रपूर जिल्ह्यात धातूचे कडेही सापडले. अशा घटनेत दूरदूरच्या जिल्ह्यांतले फोटो एकाच मिनिटाचे असतात, आणि ते जुळवणे सोपे जाते.

बनावट ओळखण्यासाठी ‘एरर लेव्हल’ चाचणीवर (चित्राच्या भागाभागांतला जेपीजी आकुंचनाचा फरक दाखवणारी चाचणी) विसंबू नये. पुन्हापुन्हा जतन झालेल्या जेपीजीत ती खऱ्या फोटोलाही दोषी ठरवते.

निकाल : फ्रान्सच्या अवकाश संस्थेतील, अशा दाव्यांची तपासणी करणारा गेपान हा विभाग (आरंभ 1977, आता नाव गेइपान) चार वर्ग वापरतो. ए म्हणजे ओळख पटली, बी बहुधा पटली, सी माहिती अपुरी, डी तपासूनही उलगडा नाही. डी साठी भक्कम माहिती आधी हवी. मूळ फाइल नसलेले आणि जागा-वेळ न सांगता येणारे छायाचित्र कितीही चमत्कारिक दिसले तरी सी मध्ये टाकावे.