बेरिंग समुद्रातील खेकडेमारी आणि ‘डेडलिएस्ट कॅच’

‘डेडलिएस्ट कॅच’ ही डिस्कव्हरी वाहिनीवरील रिॲलिटी मालिका. अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रात खेकडे पकडणाऱ्या नौकांवर तिचे चित्रीकरण होते. पहिला भाग १२ एप्रिल २००५ रोजी अमेरिकेत दाखवला गेला. निर्माते टॉम बीअर्स, निवेदक माइक रो. धोक्याची कामे करणाऱ्यांच्या मागे कॅमेरा घेऊन फिरण्याचा प्रकार या मालिकेने रुजवला. बर्फाळ रस्त्यांवरच्या ट्रकचालकांची ‘आइस रोड ट्रकर्स’ (२००७) आणि लाकूडतोड्यांची ‘ॲक्स मेन’ (२००८) या मालिकाही बीअर्स यांच्याच.

नौकांचे मुख्य बंदर म्हणजे अल्यूशन बेटांवरील डच हार्बर. शरद ऋतूत लाल किंग खेकडा आणि हिवाळ्यात ओपिलिओ, म्हणजे स्नो क्रॅब, असे दोन मुख्य हंगाम असतात. लाल किंग खेकड्याच्या पसरलेल्या पायांची रुंदी दीड मीटरपर्यंत भरते. त्याला पकडण्याचा पिंजरा लोखंडी चौकटीचा आणि जाळीने मढवलेला असतो. सुमारे सात फूट लांब-रुंद असा हा रिकामा पिंजराच तीनशे किलोंहून जड भरतो. आत हेरिंग किंवा कॉड माशाचे आमिष बांधून तो समुद्रात सोडतात आणि वर तरंगता बोया राहतो. एक-दोन दिवसांनी नौका परत येते. खलाशी आकडा फेकून बोयाची दोरी ओढतो, यंत्राच्या चाकावर ती गुंडाळली जाते आणि पिंजरा कठड्याशी येतो. खेकडे टेबलावर ओतले की निवड सुरू होते. ठरलेल्या मापाचे नरच ठेवायचे, माद्या आणि लहान खेकडे लगेच पाण्यात परत सोडायचे. ठेवलेला खेकडा कारखान्यापर्यंत जिवंत पोहोचावा लागतो, म्हणून नौकेच्या पोटातील टाक्यांमधून समुद्राचे पाणी सतत खेळवतात. डोलणाऱ्या, निसरड्या डेकवर हे काम सलग अठरा-वीस तास चालते. खलाशाला ठरावीक पगार नसतो, मिळकतीतला वाटा मिळतो.

मालिकेत डेकवर आदळणाऱ्या लाटा भरपूर दिसतात. माणसे मात्र बहुतेकदा नौकेचा तोल गेल्याने दगावली आहेत. डेकवर रचलेल्या पिंजऱ्यांनी नौका आधीच वरून जड झालेली असते. कडाक्याच्या थंडीत लाटांचे तुषार त्या पिंजऱ्यांवर आणि कठड्यांवर गोठतात आणि वरचा भार आणखी वाढतो. खलाशी हातोडे घेऊन रात्रभर बर्फ फोडतात ते त्यासाठीच. बर्फ साचत राहिला तर नौका एका बाजूला कलते आणि काही क्षणांत उलटते. १५ जानेवारी २००५ रोजी ‘बिग व्हॅली’ बुडाली, तेव्हा मालिकेचे चित्रीकरण करणारे पथक त्याच पाण्यात इतर नौकांवर होते. परवानगीपेक्षा जास्त पिंजरे लादलेल्या या नौकेवरील सहापैकी एकच जण वाचला. अंगात थंडीपासून बचावाचा रबरी पोशाख होता आणि तराफा हाती लागला, म्हणून. ११ फेब्रुवारी २०१७ रोजी सेंट जॉर्ज बेटाजवळ ‘डेस्टिनेशन’ सहाही जणांसह बुडाली. तिच्या चौकशीत साचलेला बर्फ हे मुख्य कारण निघाले.

धोका कमी झाला तो नियमांमुळे, आणि ही बाब पडद्यावर फारशी ठसत नाही. १९९० च्या दशकात या खेकडेमारीत सत्तरच्या आसपास माणसे मेली. १९९९ पासून तटरक्षक दलाने हंगामापूर्वी धक्क्यावरच नौकांवरील पिंजऱ्यांचा भार तपासायला सुरुवात केली आणि मृत्यू घटले. पुढचा मोठा बदल २००५ च्या शरदात झाला. तोपर्यंत एकूण पकडीची मर्यादा ठरलेली असे आणि ती संपेपर्यंत सगळ्यांनी एकदमच धाव घ्यायची, अशी पद्धत होती. किंग खेकड्याचा हंगाम त्यामुळे अवघ्या काही दिवसांत आटपत असे. वादळ आले म्हणून बंदरात थांबणाऱ्याचे वर्ष बुडे. नव्या पद्धतीत प्रत्येकाला आपला हिस्सा ठरवून मिळाला आणि हवामान पाहून निघण्याची मोकळीक आली. किंग खेकड्यासाठी जाणाऱ्या नौका अडीचशेच्या आसपास होत्या, त्या पहिल्याच वर्षी नव्वदच्या आत आल्या. जीव वाचले, पण शेकडो खलाशांचा रोजगार गेला. या बदलाचे मोल मांडताना ही किंमतही धरायला हवी.

मालिकेच्या खरेपणावरही प्रश्न उठले. वेगवेगळ्या वेळी टिपलेली दृश्ये एकाच प्रसंगाची वाटावीत अशी जोडल्याचा आक्षेप २००८ मध्ये घेण्यात आला. तरीही तिच्यातला सर्वांत हेलावणारा प्रसंग कोणी रचलेला नव्हता. ‘कॉर्नेलिया मरी’ या नौकेचे कप्तान फिल हॅरिस यांना जानेवारी २०१० मध्ये सेंट पॉल बेटावर माल उतरवताना पक्षाघाताचा झटका आला. त्यांचे दोन्ही मुलगे त्याच नौकेवर खलाशी होते. ९ फेब्रुवारीला अँकोरेजमध्ये हॅरिस यांचे निधन झाले. त्यांच्या मृत्यूचा भाग अमेरिकेत सुमारे ८५ लाख लोकांनी पाहिला.

याच काळात निर्जन प्रदेशात तग धरण्याचे कार्यक्रमही वाढले. कॅनडाचे लेस स्ट्राउड ‘सर्व्हायव्हरमॅन’साठी एकटे राहून स्वतःच चित्रीकरण करत. बेअर ग्रिल्स यांच्या ‘मॅन व्हर्सेस वाइल्ड’मध्ये मात्र चित्रीकरणाचे पथक सोबत असे. त्याचा कॉर्बेट राष्ट्रीय उद्यानात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्यासह चित्रित झालेला भाग १२ ऑगस्ट २०१९ रोजी भारतात घरोघरी पाहिला गेला. असा प्रवास संपला की माणूस घरी परततो. खेकडेमारी करणाऱ्याला पुढच्या हंगामातही त्याच पाण्यात जावे लागते.

अलीकडे ते पाणीच बदलले आहे. २०१८–१९ मधील सागरी उष्णतेच्या लाटेनंतर बेरिंग समुद्रातून अब्जावधी स्नो क्रॅब नाहीसे झाले. कोमट पाण्यात त्यांची अन्नाची गरज वाढली आणि ते उपासमारीने मेले, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. लाल किंग खेकड्याचा ब्रिस्टल बे येथील हंगाम २०२१ आणि २०२२ मध्ये बंद राहिला. स्नो क्रॅबचा हंगाम २०२२ मध्ये इतिहासात प्रथमच रद्द झाला, आणि पुन्हा उघडला तो २०२४ च्या शरदात, अगदी लहान कोट्यासह. दरम्यान काही नौका बायर्डी या दुसऱ्या जातीच्या खेकड्याकडे आणि कॉड माशाकडे वळल्या.