फिओना की हेल्गा? लाल केसांच्या दोन मारेकरणी

शॉन कॉनरीच्या बाँडपटांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास विचारतं, "ती लाल केसांची, जिला शेवटी मासे खातात, तीच ना मोटारसायकलवाली?" नव्हे. मोटारसायकलवाली फिओना वोल्पे, १९६५च्या 'थंडरबॉल'मधली. माशांच्या तोंडी गेली ती हेल्गा ब्रँट, १९६७च्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'मधली.

घोळ होणं साहजिक आहे. दोघींचे केस लाल, दोघी 'स्पेक्टर' टोळीच्या, दोघी बाँडला जवळही घेतात आणि त्याच्या जिवावरही उठतात. आपल्याकडच्या भाषेत विषकन्याच! फिओना झाली होती इटलीची लुचियाना पालुझ्झी आणि हेल्गा जर्मनीची कारिन डोर.

फिओनाचा एकच प्रसंग आठवा. काउंट लिप्पे बाँडच्या गाडीमागे लागलाय. मागून काळ्या चामडी कपड्यातला स्वार येतो आणि मोटारसायकलवरून रॉकेटं सोडून लिप्पेची गाडी उडवतो. मग मोटारसायकल पाण्यात ढकलून हेल्मेट काढतो, तेव्हा कुठे ते लाल केस दिसतात. तोवर आपण त्याला पुरुषच समजत असतो. लिप्पे टोळीचाच माणूस. त्यानं घोळ घातला म्हणून फिओनानं त्याचा काटा काढला.

हेल्गाच्या हातून पडद्यावर एकही माणूस मरत नाही. ओसाटो या जपानी उद्योगपतीची ती सेक्रेटरी, टोळीतला नंबर ११. बाँडला खुर्चीला बांधून ती त्याच्यापुढे कातडी सोलायचं सर्जनचं पातं नाचवते, मग विरघळल्याचं नाटक करते. पुढे त्याला विमानात बसवून, फळीखाली अडकवून, स्वतः पॅराशूटनं उडी मारते. बांधलेला माणूस समोर असताना हा खटाटोप कशाला, हे तिलाच ठाऊक. बाँड अर्थातच वाचतो.

खरा फरक या विरघळण्यातच आहे. १९६४च्या 'गोल्डफिंगर'मध्ये खलनायकाची साथीदार पुसी गॅलोर बाँडच्या मिठीत आल्यावर बाजू बदलते. त्याच्या आदल्या वर्षीच्या 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'मधली मारेकरीण रोझा क्लेब, बुटात पातं लपवणारी. तिला तर मुद्दाम वयस्क आणि कुरूप दाखवलं होतं. म्हणजे देखणी असेल तर सुधारणार, नसेल तर खुनशी राहणार. फिओना देखणीही आहे आणि बदलतही नाही. वर बाँडला तोंडावर टोमणा मारते, की त्याच्या मिठीत आलेली बाई लगेच पश्चात्ताप करून सन्मार्गाला लागते म्हणे, पण ही त्यातली नव्हे. चित्रपट-मालिकेनं स्वतःचीच उडवलेली ही खिल्ली मला त्या काळासाठी फार धीट वाटते. बाँडचा मूळ लेखक इयान फ्लेमिंगच्या कादंबरीत फिओना नाहीच, ती चित्रपटासाठी घडवलेली.

दोन वर्षांनी हेल्गा आली तेव्हा त्यातले केस तेवढे उरले. फिओनानं ज्या समजुतीची टर उडवली, ती हेल्गा सापळा म्हणून वापरते. कल्पना वाईट नाही, पण तिच्या तोंडी फिओनासारखं एक वाक्य नाही.

मरणंही पाहा. बहामातल्या नासाऊच्या क्लबात नाचताना बाँड ऐनवेळी गिरकी घेतो आणि त्याच्यासाठी झाडलेली गोळी फिओनाच्या पाठीत घुसते. तिच्याच माणसाची गोळी! हेल्गाला मारतो 'स्पेक्टर'चा म्होरक्या ब्लोफेल्ड. ओसाटो आणि ती दोघं त्याच्यासमोर उभे असतात. ओसाटो आधी छोट्या पुलावरून सुखरूप पलीकडे जातो. हेल्गा मध्यावर पोचते, ब्लोफेल्ड पायानं कळ दाबतो, पूल उघडतो आणि खाली पिरान्हा मासे वाट पाहत असतात.